उदयच्या वाटणीचा फेस

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी उंब्रजला उतरलो, दवाखान्यात हजर झालो आणि दिवस मावळायच्या आत खोलीही मिळाली. एक नव्हे, दोन! मागे पडवी, पडवीत बेसिन, बेसिनवर आरसा, शेजारी खिडकी. आणि नळ सोडला की पाणी! आम्हा आटपाडीकडच्या माणसांना नळाला पाणी म्हणजे सणच. पाच मिनिटं नुसता धारेखाली हात धरून उभा राहिलो, मग आपलीच लाज वाटून नळ बंद केला.

घरमालक सुभेदार मानसिंग घाडगे. पलटणीतून निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, पण पाठ अजून ताठ. ओट्यावर बसवून त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. नाव? धुळा सरगर. काम? जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे अर्धा डॉक्टर. घरचा धंदा? मेंढरं. बायको? दोन वर्षांपूर्वी वारली. मग मीच सांगितलं की एक मुलगी आहे, राणी. दहावीला आहे, सांगलीला मावशीकडे असते. जूनमध्ये तिला इकडे आणायची, कराडच्या कॉलेजात घालायची, बापलेकींनी पुन्हा एका छपराखाली राहायचं. म्हणून दोन खोल्या. सुभेदारांच्या पत्नी रंगुबाई दाराआडून ऐकत होत्या. मी त्यांना काकी म्हटलं. त्या हसल्या नाहीत, पण चहात साखर मात्र दुप्पट पडली.

संध्याकाळी बोलायला कोणी नाही म्हणून ही वही विकत आणली. नऊ महिने काढायचे आहेत. निघतील.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी दाढी करायला शिकलो.

माझी रीत साधी. अंगाचा साबण गालाला चोळायचा आणि खरडायचं. दाढी तरी कसली, माळावरच्या गवतासारखी चार काड्या इथं, चार तिथं. हनुवटीवर लहानपणी एडक्याने धडक दिल्याची खूण आहे, तिथं तर काहीच उगवत नाही. सुभेदारांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी बंदूक चिखलात टाकली. म्हणाले, "आवं सरगर, दाढी करताय का वांगं सोलताय?"

मग शिकवणी सुरू झाली. ब्रश गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, केस मऊ झाले की झटकायचा, पण कोरडा करायचा नाही. वाटीत चिंचोक्याएवढं क्रीम. ब्रश गोल फिरवायचा, दाबायचा नाही, आणि पाणी थेंबाथेंबाने. पहिल्यांदा मोठाले बुडबुडे आले तसा मी खूश झालो. सुभेदार म्हणाले, "ह्ये बुडबुडं. ह्याला फेस म्हनत न्हाईत." अजून दोन मिनिटं घोटल्यावर बुडबुडे मेले आणि कवडीदह्यासारखा घट्ट, चमकदार फेस झाला. तो ब्रशने गालावर उलटा फिरवायचा, म्हणजे केस उभे राहतात.

ब्रश गालावरून फिरला आणि माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. दोन वर्षांत माझ्या चेहऱ्याला कोणाचा हात लागलेला नाही. साबण गेला डोळ्यात, असं सांगून वेळ मारून नेली.

१४ सप्टेंबर, रविवार

एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच ध्यानात आली होती, पण विचारायचं कसं? सुभेदार रोज सकाळी सहाला दोनदा फेस करतात. एक स्वतःसाठी. दुसरा स्टीलच्या वाटीत करून, ब्रश त्यात उभा ठेवून, वाटी पडवीच्या खिडकीत ठेवतात. तो कोणी वापरत नाही. आठपर्यंत फेस बसतो, तळाशी पांढरं पाणी उरतं. मग ते वाटी धुऊन पालथी घालतात.

आज अर्जुना न्हावी आला होता. रविवार-आड-रविवार घरी येऊन केस कापतो, तीन पिढ्यांचा राबता. माझ्या मानेवर मशीन फिरवता फिरवता त्याने सांगितलं. सुभेदारांना एकच मुलगा, उदयसिंह, तोही पलटणीत. बारा वर्षांपूर्वी रजा संपवून निघाला त्या सकाळी बापाने त्याच्यासाठी फेस करून ठेवला होता. पोराने उशीर होतोय म्हणून दाढी करायला नकार दिला. त्यावरून सुभेदार नको ते बोलले, पोरगा तसाच बॅग उचलून एसटीत बसला. तो पलटणीत पोचलाच नाही. ना पत्र, ना फोन, ना मढं. तेव्हापासून वाटी खिडकीत असते.

अर्जुना म्हणाला, या कार्तिकात बारा वर्षं भरतील. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की त्याला गेला असं धरायचं. पळसाच्या पानांची बाहुली करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याच्या नावाने जाळायची आणि दहावं-तेरावं उरकायचं. भावकीने ठरवलं आहे. काकी मात्र अजून त्याला होकार देत नाहीत.

मी विचारलं, सुभेदार काय म्हणतात? अर्जुनाने मान हलवली. सुभेदार नुसता फेस करतात.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज एक आगाऊपणा केला.

लाळ्या-खुरकताच्या लसीकरणासाठी साडेसहाला जीप येणार होती. साडेसहा वाजले, जीप दारात, माझ्या क्रीमची ट्यूब संपलेली. खिडकीत फेस तयार. खरं सांगायचं तर तीन आठवडे रोज एवढा फेस मोरीत जाताना बघवत नव्हता. आमच्याकडे भांडी विसळलेलं पाणी मेंढ्यांना, मेंढ्यांनी सोडलेलं झाडाला. वाया जातंय ते वापरण्यात कसलं पाप? घेतली वाटी. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या.

अर्धी दाढी झाली आणि आरशात मागे सुभेदार दिसले. माझा हात जागीच थांबला. वाटलं, आता खोली गेली. ते पुढे आले आणि म्हणाले, "वरच्या ओठाला ऱ्हायलंय बगा." मग पायरीवर बसून पंच्यात तोंड घातलं.

संध्याकाळी माफी मागायला गेलो. काकींनी मागूच दिली नाही. म्हणाल्या, "बारा वर्सं भरल्याली वाटी बघतीया. आज पयल्यांदा रिकामी बघितली." उद्यापासून हाच फेस वापरायचा, असंही बजावलं. मला नको होतं, पण नाही म्हणवेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

आणि खोटं कशाला लिहू? बरंही वाटलं. कोणीतरी माझ्यासाठी काहीतरी तयार करून ठेवणार.

३० सप्टेंबर, मंगळवार

आठवडाभर रोज तो फेस. सुभेदार आता वाटी खिडकीत ठेवत नाहीत, माझ्या हातात देतात. जेवणही आतच. काकी मला अरे-तुरे करायला लागल्या. "लय वाळलायस रं," म्हणत पानात चौथी भाकरी टाकतात. खोलीवर एकटं बसून डबा खाण्यापेक्षा हे लाख पटीने चांगलं.

एकच खटकतं. राणीचं नाव काढलं की काकी उठून चुलीकडे जातात.

सुभेदारांच्या फेसाची करामत म्हणायची, माझी दाढी दाट झाली आहे. राणीला फोनवर सांगितलं तर ती खूप हसली. बाबा, दिवाळीला दाढी ठेवून या, म्हणाली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी येतो असं वचन दिलं आहे. तिच्यासाठी घागरा घ्यायचा आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

हजेरीच्या ॲपने आज मला ओळखलं नाही. रोज चेहरा दाखवायचा, हिरवी खूण येते. आज तीनदा 'चेहरा जुळत नाही'. डॉक्टरसाहेब हसले, म्हणाले नेटवर्क असेल, वहीत सही करा.

घरी येऊन आरशात नीट बघितलं. हनुवटीवरची खूण नाही. बोटाने चाचपून बघितलं, उजेडात जाऊन बघितलं. एडक्याने मारलं तेव्हा तीन टाके पडले होते. तीस वर्षांची खूण अशी पुसते का? आता तिथंही केस आलेत.

फेस लावलेला असताना चेहरा दिसत नाही. रोज सकाळी पाच मिनिटं नुसते डोळे असतात, खाली पांढरं. रेझरची एकेक पट्टी मारली की खालून कातडी बाहेर येते. आज ध्यानात आलं की शेवटच्या दोन पट्ट्या मी डोळे मिटून मारतो. कधीपासून, ते आठवत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

अर्जुना आला होता. केस ओले करून टाळूकडे आला आणि त्याचे हात थांबले. बोटाने डोक्यावर गोल काढला, मग दुसरा. मला एक भोवरा होता. तो म्हणाला दोन आहेत, आणि ते कसे एकमेकांना टेकलेत हे त्याला माहीत आहे, कारण या डोक्याचं जावळ त्याच्या बापाने काढलं तेव्हा तो शेजारी उभा होता.

"ह्यो भोवरा मी वळखतो," एवढंच मोठ्याने बोलला. अर्धे केस तसेच ठेवून पिशवी उचलली. फाटकाशी जाऊन हळूच सांगितलं की त्या वाटीला परत हात लावू नका, आणि जमलं तर आजच खोली सोडा.

काकी दारात उभ्या होत्या. अर्जुनाचा निरोप त्यांनी ऐकला असावा. मला म्हणाल्या, चल जेवायला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस दाढी केली नाही. वाटी समोर आली की बरं नाही म्हणून सांगतो. सुभेदार वाटी घेऊन शेजारी उभे राहतात, फेस बसेपर्यंत.

पण दाढी न करणं जास्त वाईट. तीन दिवसांत जे उगवलं ते माझं नाही. काळं, राठ, मिशा टोकाला वर वळलेल्या. बैठकीतल्या उदयच्या फोटोत आहेत तशा.

संध्याकाळी राणीने व्हिडिओ कॉल केला. स्क्रीनकडे बघून ती हसू आवरून नीट बसली. म्हणाली, "काका, बाबांकडे देता का फोन?"

मी कॅमेरा बंद केला. राणी, मीच आहे, म्हटलं. ती म्हणाली, बाबा, घसा का बसलाय? मी सर्दी झाली म्हणालो. मग ती अर्धा तास बोलत राहिली आणि मी तोंडात रुमाल घालून ऐकत राहिलो.

दिवाळीला समोर गेलो की ओळखेल. पोटची पोर आहे. ॲपसारखी थोडीच आहे?

२० ऑक्टोबर, सोमवार

सांगलीच्या स्टँडवर बसून लिहितो आहे.

अकराला मावशीच्या दारात पोचलो. घागऱ्याची पिशवी हातात. राणीने दार उघडलं, साखळी लावलेलीच ठेवली. कोण पाहिजे, विचारलं. मी म्हणालो, मी. ती थांबली. कोण मी? तिच्या आईचं नाव सांगणार होतो, ते— ते ओठावर आलं नाही. पिशवी पुढे केली. ती मागे सरली, म्हणाली बाबा येणारच आहेत एवढ्यात, थांबा, त्यांना विचारते. आणि फोन लावला.

फोन माझ्या खिशात वाजला.

तिने खिशाकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. मग अशी ओरडली की शेजारची दारं उघडली. माझ्या बाबांचं काय केलंत, माझे बाबा कुठं आहेत. मी पळालो. माझ्याच मुलीच्या दारातून चोरासारखा पळालो. पिशवी तिथंच पडली.

आता जायचं कुठं? दवाखान्यात आता मला कोणी ओळखत नाही, वहीत सहीही करू देत नाहीत. गावी आई-बाप नाहीत. या जगात माझ्यासाठी एकच दार उघडं आहे, आणि मला तिथंच जायचं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आलो. काकींनी मला दारातच थांबवलं. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुभेदारांनी वाटी आणली. मी बसलो. त्यांनीच ब्रश फिरवला. मी रडत होतो आणि फेस गालावरून खाली येत होता. ते म्हणत राहिले, "आता न्हाई बोलनार रं तुला. कवा न्हाई बोलनार."

२५ ऑक्टोबर

मावशीने तक्रार दिली. पोलीस आले होते. सुभेदार म्हणाले, भाडेकरू दिवाळीच्या आदल्या दिवशी पहाटे नदीकडे गेला तो आलाच नाही. फोन खोलीतच राहिला होता. माझा मुलगा तो द्यायला सांगलीला गेला, तर पोर घाबरली. आणि माझ्याकडे हात केला.

मी बोलायला तोंड उघडलं. पोलीस म्हणाला, तुम्ही बसा उदयराव, बारा वर्षांनी आलात.

खरं सांगायला हवं होतं. कुठल्या तोंडाने सांगणार—

२ नोव्हेंबर

पळस आला. नारळ आला. भावकी विचारते, पोरगा परत आला तर आता हे कशाला. काकी म्हणाल्या, बाहुलीचं सामान घरात आलं की ते कोणाच्या तरी नावाने जाळावंच लागतं, नाहीतर घरातल्याला घेऊन जातं. म्हणाल्या, "भाडेकरूच्या नावानं करू. गुणाचा व्हता बिचारा. त्याचं करनारं कोन हाय?"

त्या हे बोलताना रडत होत्या. खरंच रडत होत्या. त्यात कपट काही नाही. म्हणूनच भीती वाटते.

आज पलटणीतला माझा नंबर आठवला. मी पलटणीत कधी नव्हतो.

५ नोव्हेंबर

काकींनी धुळाचे— माझे— कपडे घडी करून पिशवीत भरले. चपलाही. संगमावर काठाला ठेवून यायचे, म्हणजे सापडतील. पिशवीचं तोंड एकटीला बांधता येईना म्हणून त्यांनी हाक मारली.

मी पिशवी धरली. का धरली?

राणी. राणी धुळा सरगर. दहावी. सांगली. रोज दहा वेळा लिहायचं. राणी राणी राणी

७ नोव्हेंबर

कपडे सापडले. आबा म्हणाले, मुलीला निरोप गेला.

आज ब्रश मी स्वतः—

आईने खीर केली होती. चव तीच.

रा

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आबांनी फेस केला. आज मिशाही काढायच्या, अग्नी मी द्यायचा आहे. त्या माणसाला मुलगा नाही. एकच मुलगी, ती आणि तिची मावशी सांगलीहून आल्या आहेत. अंगणात बाहुली निजवली आहे. भटजींनी नाव विचारलं, आबांनी सांगितलं.

अर्जुना आला नाही. मग आबांनीच वस्तरा धरला.

ही वही खोलीत गादीखाली सापडली. भाडेकरूची असणार. मुलीला द्यावी का? काय काय लिहिलंय, वाचवत नाही. अक्षर मात्र माझ्यासारखंच आहे.

ती मुलगी आता दारात येऊन उभी आहे. रडून डोळे सुजलेत. म्हणाली, काका, त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले, माफ करा. तुम्ही बाबांचा फोन द्यायला आला होता, मला कळलं नाही. मी म्हणालो, असू दे. बाहेरून हाका मारताहेत, अग्नी द्यायची वेळ झाली.

ती जात नाही. अंगावर नवा घागरा आहे. त्याच्याकडे बघून माझा जीव का असा— हिला मी कुठं— हिला काहीतरी सांगायचं होतं, फार महत्त्वाचं, जाळायच्या आधी सांगायचं— जिभेवर आहे— थांब, पोरी, जाऊ नको, मी तुझा—